परतीच्या खुणा

महिनाभरापूर्वी फूटपट्टी माझ्याकडे तीन दगड घेऊन आला आणि मी, जगातला एक नंबरचा मूर्ख, त्याला चहा पाजला.

फूटपट्टी म्हणजे माझा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. नगरपालिकेच्या मोजणी खात्यात आहे. वाढदिवसाचा केकसुद्धा डोळ्यांनी मोजून कापतो, आणि एखाद्याचा तुकडा बोटभर लहान निघाला तर स्वतःचा त्याला देतो. तीस वर्षं मी त्याला फूटपट्टी म्हणतोय, तो मला भावोजी म्हणतो. मी पाट्या रंगवणारा. म्हणजे होतो. आता पाट्या मशीनमधून निघतात. महिन्यातून एखादा जुन्या वळणाचा डॉक्टर किंवा शिंपी येतो, तेवढ्यापुरता ब्रश भिजतो. बाकी दिवस मी घराच्या तळमजल्यावरच्या खोलीत डब्यांची झाकणं पुसत बसतो.

त्याने ते तीन दगड माझ्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून मांडले. एक राखाडी, एक तांबूस झाक असलेला, एक निळसर आणि त्यावर शेवाळाची पुसट साय.

"आमच्या ऑफिसच्या गच्चीचा कठडा आहे, भावोजी. डाग पडलेत. दगडाशी तंतोतंत जुळणारा रंग हवाय. तुमच्याशिवाय कुणाला जमायचं नाही."

एकाच कठड्याला तीन जातींचे दगड कुठल्या गवंड्याने लावले, हे विचारायचं मला सुचलं नाही. स्तुती ऐकली की माझे कान उघडे राहतात आणि डोळे मिटतात. दुपारभर बसलो. पहिले दोन सोपे होते. तिसरा काही केल्या जमेना. दगडाशेजारी धरला की उपरा वाटायचा. शेवटी हिरव्याचा एक थेंब टाकला, एकच, आणि रंग दगडात जिरला. मी त्या दगडावर दोन बोटांचा पट्टा ओढला, फडक्याने टिपला, वर चिमूटभर धूळ चोळली आणि त्याला म्हणालो, "शोध बघू कुठे आहे."

त्याने दगड उलटापालटा केला. सापडला नाही. तो हसेल असं मला वाटलं होतं, पण हसला नाही. नुसता दगडाकडे बघत बसला. बिचारा भारावला असेल, असं मी समजलो आणि तिन्ही रंगांचे डबे भरून त्याच्या हाती दिले.

आता मोठ्या वाटेबद्दल सांगायला हवं. आमच्या शहराला वळसा घालून एक पायवाट जाते, एकशे चाळीस किलोमीटरची. टेकड्या, कालवा, जंगल, पुन्हा टेकड्या. तिचे नऊ टप्पे आहेत आणि प्रत्येक टप्पा कुठल्या ना कुठल्या बसच्या शेवटच्या थांब्यापासून सुरू होतो, म्हणजे शहरातला माणूस सकाळी पाव-अंडी बांधून निघाला तर एक टप्पा चालून संध्याकाळी घरी. वाटेवर दर पन्नास-साठ पावलांवर हातभर लांब पिवळा पट्टा असतो. चौथ्या टप्प्याच्या पहिल्या दोन-अडीच किलोमीटरचे पट्टे आमचे, माझे आणि फूटपट्टीचे. बावीस वर्षं.

सुरुवातीला चौथा टप्पा कालव्याच्या काठाने जायचा. सपाट, कंटाळवाणा, डासांचा. एका रविवारी आम्ही दोघं चुकलो आणि मी हट्टाने वर चढत गेलो, तो खाली ओरडत राहिला की भावोजी, नकाशात वाट नाही. वर कड्याच्या सोंडेवर पोचलो आणि थांबलो. अख्खं शहर एकदम समोर. पुलापासून गिरणीच्या चिमणीपर्यंत, एका नजरेत. तोही धापा टाकत आला आणि पहिल्यांदाच काही न मोजता उभा राहिला. पुढच्या वर्षी वाटेच्या समितीने चौथा टप्पा सोंडेवरून नेला. आयुष्यात मी हजारो पाट्या रंगवल्या, सगळ्या दुसऱ्यांच्या नावाच्या. ही एवढी वाट माझी होती. तिच्यावर माझं नाव नव्हतं, तरी माझी होती.

कामाची वाटणी ठरलेली. जाणाऱ्याला दिसणाऱ्या खुणा मी रंगवायच्या. परतणाऱ्याला, किंवा उलट दिशेने वाट चालणाऱ्याला दिसणाऱ्या, त्याच दगडांच्या मागच्या अंगाच्या, त्याने. वर जाताना माझं काम, उतरताना त्याचं. माझ्या पट्ट्याला शेवटी किंचित शेपूट निघते, अक्षरं काढणाऱ्या हाताची खोड. त्याचे पट्टे चारी कोपऱ्यांत काटकोन. बावन्न माझे, बावन्न त्याचे. आणि एक नियम होता, तोही त्यानेच केलेला: एकाने रंगवायचं, दुसऱ्याने वीस पावलं लांब जाऊन बघायचं, आणि त्याने "दिसतंय" म्हटल्याशिवाय पुढे सरकायचं नाही.

पुसायचं असलं तरी तोच नियम, फक्त तिथे "दिसत नाही" म्हणायचं. एकदा एक दरड घसरली आणि दोन खुणा काढाव्या लागल्या, तेव्हा हा बहाद्दर तारेचा ब्रश घेऊन दगड खरवडायला बसला. मी म्हणालो, "अरे, खरवडलेली जागा खुणेपेक्षा मोठ्याने ओरडते. दगडाचा रंग दे त्याला." आणि शिकवलं. रंग जुळवायचा, फडक्याने टिपायचा, वर धूळ चोळायची. टिपणं आणि चोळणं त्याला चांगलं जमलं. जुळवणं कधीच जमलं नाही.

दरवर्षी चालणाऱ्यांचा हंगाम सुरू व्हायच्या आधी आम्ही खुणा नव्या करतो. यंदा मी दोनदा आठवण करून दिली. दोन्ही वेळा उत्तर तेच.

"कंबर धरली आहे, भावोजी. पुढच्या महिन्यात बघू."

बायकोही म्हणाली, "राहू द्या की या वर्षी. तुमचे गुडघे काय म्हणतायत ते ऐका जरा." गुडघ्यांचं ऐकलं तर माणूस अंथरुणातून उठायचा नाही. शेवटी एका रविवारी ती बाजारात गेली, मी पिवळा डबा आणि ब्रश पिशवीत घातला आणि सकाळच्या बसने शेवटच्या थांब्यावर उतरलो.

पहिली खूण थांब्यामागच्या हद्दीच्या दगडावर. नव्हती. म्हटलं, दगड बदलला असेल. दुसरी, वाट जिथे कालवा सोडून वर वळते तिथल्या फुटक्या शिळेवर. नव्हती. तिसरी नव्हती. चौथी जिथे असायला हवी तिथे मी उभा राहिलो आणि तो दगडच मला ओळखीचा वाटेना.

खरं सांगतो, त्या क्षणी मी घाबरलो. मागच्या महिन्यात मी घराच्या किल्ल्या फ्रिजमध्ये ठेवल्या होत्या. बायको आधी हसली आणि मग हसायची थांबली. तिचं ते थांबणं मला आठवलं. बावीस वर्षं ज्या वाटेवर डोळे मिटून चाललो तिथे मी हरवलो होतो, आणि वाट बदलली असेल असं माझ्या मनातही आलं नाही. मीच बदललो असणार. डोकं गेलं असणार. असंच सुरू होत असेल, मी स्वतःला म्हणालो, असंच, एखाद्या रविवारी, चांगल्या उन्हात.

मी त्या दगडाला टेकलो. हाताला घाम आला होता तो पुसायला तळवा दगडावर फिरवला, आणि तळवा थांबला. सगळा दगड खरखरीत आणि मध्ये हातभर जागा गुळगुळीत. नखाने खरवडलं. राखाडी पापुद्रा निघाला आणि खाली पिवळं.

हुश्श झालं आधी, हे कबूल करतो. डोकं शाबूत होतं. मग मी चष्मा पुसून नीट बघितलं. फडक्याने टिपलेलं. कडा दगडात विरवलेल्या. वर धूळ चोळलेली. असं काम करणारी माणसं जगात दोनच, आणि त्यातला एक मी. पुढे गेलो. सहावा दगड निळसर होता, शेवाळाची साय असलेला. त्याच्यावर खूण पुसलेली जागा शोधायला मला बोटं फिरवावी लागली, इतका रंग जुळला होता. जुळणारच. हिरव्याचा तो एक थेंब माझा होता.

गुरूची विद्या गुरूलाच फळली, म्हणतात ना. इथे गुरूने विद्या तर दिलीच, वर डबे भरून रंगही दिला.

मी वर चढत राहिलो. का, ते विचारू नका. चढावर मागे वळून बघायचं नाही, दम सुटतो, हा माझा जुना नियम. प्रत्येक दगडापाशी थांबलो, प्रत्येकावर हात फिरवला. दहावी, विसावी, तिसावी. एक सोडली नव्हती. सोंडेवर पोचलो तेव्हा शहर होतं तिथेच होतं, पूल, चिमणी, सगळं. मला ते बघवेना. कड्याच्या काठाला एक लांब भेग पडलेली दिसली, तीही नीट बघितली नाही. उतरायला म्हणून मागे वळलो.

समोरच्या दगडावर पिवळा पट्टा. चारी कोपऱ्यांत काटकोन.

त्याच्या खाली पन्नास पावलांवर दुसरा. मग तिसरा. उन्हात चकचकत होते. बावन्नच्या बावन्न. त्याने माझ्या तेवढ्या पुसल्या होत्या आणि स्वतःच्या एकीला हात लावला नव्हता. त्याच्या खुणा बघत बघत मी खाली उतरलो, दुसरा उपाय काय होता? खाली कालव्याच्या काठावर आता नव्या कोऱ्या पत्र्याच्या बाणपट्ट्या दिसल्या, मशीनमधून निघालेल्या. चौथा टप्पा पुन्हा डासांच्या हवाली झाला होता.

रविवारी दुपारी फूटपट्टी आमच्याकडेच असतो. मी दार उघडलं तेव्हा कंबर धरलेला हा माणूस स्टुलावर उभा राहून आमच्या स्वयंपाकघरातला दिवा बदलत होता, आणि बायको स्टूल धरून उभी होती.

"कंबर कशी आहे?" मी विचारलं.

तो सावकाश खाली उतरला. माझ्या हातातली पिशवी त्याने बघितली, बुटांवरची लाल धूळ बघितली. मोजणी खात्यातला माणूस, त्याला अंतर कळायला वेळ लागत नाही.

"वर जाऊन आलात," तो म्हणाला.

"हो. तुझ्या ऑफिसचा कठडा बघायला गेलो होतो. छान झालाय. तीनही दगड जुळलेत."

"कसला कठडा?" बायकोने विचारलं.

"भावोजी, आधी बसा तरी. मी सांगणारच होतो."

"कधी? मी मेल्यावर?"

मग त्याने सांगितलं. कड्याचा काठ सुटत चाललाय. त्याने स्वतः चार वेळा जाऊन मोजलाय, दोन वर्षांत हातभर भेग वाढली. गेल्या हिवाळ्यात दोघं घसरली, एका बाईचा हात मोडला. समितीने एकमताने वाट कालव्यावर आणली आणि त्याला म्हणाली, तुमच्या जोडीदाराला आधी कळवा. हा म्हणाला, माझे भावोजी आहेत, मी सांगतो.

"मलाही म्हणाला होता," बायको हळूच म्हणाली. "हाच सांगेल म्हणून मी थांबले होते."

"म्हणजे तुलाही माहीत होतं."

तिने त्याच्या हातातून जुना दिवा घेतला. म्हणजे समितीला माहीत, घरात माहीत, कालव्यावरच्या डासांनाही माहीत. फक्त माझ्यापासून झाकलेलं.

"तुम्हाला विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असता," फूटपट्टी म्हणाला.

"म्हणालो असतो! शिव्या घातल्या असत्या तुला. चार दिवस तोंड फिरवून बसलो असतो. आणि पाचव्या दिवशी तुझ्याबरोबर वर जाऊन माझ्या खुणा माझ्या हाताने पुसल्या असत्या. दरड मला कळत नाही होय? मला नाही म्हणायचा तेवढा तरी हक्क होता की नाही? तू माझ्याचकडून रंग करून नेलास रे."

"रंग?" बायकोने हातातला जुना दिवा टेबलावर ठेवला. "रंग यांच्याकडून नेलास? दुकानं काय बंद पडली होती?"

"दुकानात तसा मिळत नाही, ताई," तो म्हणाला.

आणि हे त्याने अगदी मनापासून सांगितलं. त्यातही माझी स्तुतीच होती. केसाने गळा कापायचा, तर केसही माझ्याच डोक्याचा हवा होता त्याला.

"एक सांग," मी म्हणालो. "तुझ्या का ठेवल्यास?"

"उन्हं उतरली होती. वेळ झाला नाही."

"रंग उरला होता?"

"तिन्ही डबे अर्धे."

"मग नंतर तीन आठवडे उन्हं उगवलीच नाहीत वाटतं?"

तो खुर्चीत बसला. मग म्हणाला, "उतरताना पहिल्या खुणेपाशी बसलो होतो. ब्रश बुडवला. हात उचलेना, भावोजी. बावीस वर्षांची खूण. नाहीच उचलला."

"आणि माझ्या पुसताना उचलला?"

बायको भिंतीकडे वळली. मी बूटही न काढता तळमजल्यावर गेलो आणि दार लावून घेतलं.

पुढचे पाच दिवस मी त्याच्याशी बोललो नाही, बायकोशी कामापुरतं बोललो. ती निरोप आणायची: तो जेवत नाही, तो रडला, तो म्हणतो चुकलं. मी म्हणायचो, बरं. ती एकदा चिडली. "आपलेच दात आणि आपलेच ओठ. किती दिवस धरून बसणार आहात?" तिचं बरोबर होतं. मीही रोज स्वतःला समजावत होतो की कडा सुटलाय, बाईचा हात मोडलाय, तो वाईट माणूस नाही. सगळं पटायचं. मग डोळ्यांपुढे यायचं ते माझं टेबल, ते तीन दगड, आणि "शोध बघू कुठे आहे" म्हणून त्याच्या तोंडाकडे कौतुकाने बघणारा मी. ते काही केल्या पुसलं जाईना.

सहाव्या दिवशी बायकोबरोबर मीच निरोप पाठवला. रविवारी सकाळी सात वाजता, शेवटचा थांबा. उरलेले डबे घेऊन ये.

तो माझ्या आधी येऊन उभा होता. तिन्ही डबे कापडात गुंडाळून छातीशी धरलेले.

"भावोजी," त्याने सुरुवात केली.

"उलट दिशेने जो कुणी वाट चालत येईल," मी म्हणालो, "तो तुझ्या खुणा धरून थेट भेगेवरून उतरेल. हे मोजलं होतंस?"

त्याचा चेहरा पांढरा पडला. मोजलं नव्हतं. चार वेळा कडा मोजणाऱ्या माणसाने स्वतःच्या खुणांचं एवढंच मोजलं नव्हतं, कारण त्या स्वतःच्या होत्या.

आम्ही वर चढलो. तो पुढे, मी मागे. सोंडेवर भेगेपासून चांगले लांब, आतल्या अंगाने गेलो. या वेळी मी शहराकडे बघितलं, पोटभर बघितलं, कारण खुणा गेल्यावर इथे कुणी मुद्दाम येणार नव्हतं आणि माझे गुडघे पुन्हा आणतील याचा भरवसा नव्हता. तोही बघत होता. मग तो पहिल्या दगडाशी उकिडवा बसला, त्या दगडाचा डबा उघडला, ढवळला. माझाच रंग, अजून मऊ.

"मी करू का?" असं मी विचारलं नाही. त्यानेही ब्रश पुढे केला नाही.

मी मोजून वीस पावलं लांब गेलो आणि वळून उभा राहिलो. काम त्याने चोख केलं. काटकोनातून सुरुवात करून पिवळा पट्टा इंच इंच झाकला. फडक्याने टिपला. धूळ चोळली. मग बाजूला सरकून माझ्याकडे बघितलं. "दिसत नाही" ऐकल्याशिवाय पुढे सरकायचं नाही, नियम त्याचाच.

मला काही दिसत नव्हतं. दगड होता नुसता.

"दिसतंय," मी म्हणालो.

त्याने पुन्हा ब्रश बुडवला. पुन्हा हात दिला, पुन्हा टिपला, पुन्हा धूळ. "आता?"

"दिसतंय."

तिसऱ्या वेळी त्याला कळलं. मी इतक्या लांबून त्याचे खांदे बघितले आणि मला कळलं की त्याला कळलंय. कोऱ्या दगडावर त्याने पुन्हा ब्रश टेकवला आणि खाली मान घालून, जिथे काहीच उरलं नव्हतं तिथे, सावकाश पुसू लागला.

"आता, भावोजी?"

"दिसतंय," मी म्हणालो. अजून एक्कावन्न बाकी होत्या.